शिक्का, अंगठा आणि सरहद्दीचे दफ्तर



१२ ऑक्टोबर २०२५ या दिवशी युरोपातील २९ देशांच्या बाहेरच्या सरहद्दीवर एक नवी नोंदवही उघडण्यात आली. वही म्हणण्याची आपली जुनी सवय; पण हिला कागद नाही, शाई नाही आणि पानेही नाहीत. थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी येणारा परदेशी मनुष्य पहिल्यांदा नाक्यावर आला की त्याचे पारपत्र यंत्रावर ठेवले जाते, चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते आणि सामान्यतः उजव्या हाताच्या चार बोटांचे ठसे काचेवर उमटवून घेतले जातात. येण्याची तारीख, वेळ व जागा, आणि परतताना जाण्याची तारीख, वेळ व जागा, हे सारे एका मध्यवर्ती संगणकात जाऊन बसते. पारपत्रावर जो शिक्का पूर्वी बसत असे, त्याची जागा ही नोंद घेणार. नाक्यानाक्यांवर क्रमाक्रमाने हे काम सुरू करावे आणि १० एप्रिल २०२६ पर्यंत ते सर्वत्र पुरे व्हावे, असे ठरविण्यात आले; तोवर शिक्का आणि यंत्र यांनी जोडीने नांदावयाचे होते.

हा विषय इतिहासाच्या व्याख्यानात कशाला, असे कोणाच्या मनात येईल. पण या काचेवर जे बोट ठेवले जाते त्या बोटाचा पूर्वेतिहास युरोपात घडलेला नाही. तो बंगालात घडला आणि तेथून दक्षिण आफ्रिकेत गेला. आपल्याच देशबांधवांनी त्या बोटापायी तुरुंग पाहिला आहे. आणि दुसरे असे की, या नव्या वहीने एक फार जुनी गोष्ट उलटी केली आहे. प्रवाशाच्या येण्याजाण्याचा पुरावा आजवर प्रवाशाच्या खिशात असे. आता तो सरकारच्या दफ्तरात गेला. या एका स्थलांतराचाच मागोवा मी आज घेणार आहे.

परक्या माणसाची नोंद ठेवणे ही काही आधुनिकांची युक्ती नव्हे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘मुद्राध्यक्ष’ नावाचा एक अधिकारीच आहे. एक माषक घेऊन त्याने मुद्रा, म्हणजे परवाना, द्यावयाचा आणि ज्याच्यापाशी मुद्रा असेल त्यालाच जनपदात येण्याजाण्याची मोकळीक. मुद्रेवाचून सापडलेल्या स्वदेशीयाला बारा पण दंड. खोटी मुद्रा बाळगली तर स्वदेशीयाला पहिल्या प्रतीचा साहसदंड, आणि तेच पाप परदेशीयाने केले तर सर्वांत जबर दंड! गुन्हा एक, पण परक्याला शिक्षा अधिक. हा न्याय किती जुना आहे ते यावरून दिसेल. त्याच ग्रंथात नगराच्या व्यवस्थेत असेही सांगितले आहे की, घरी कोण पाहुणा आला व कोण गेला हे घरधन्याने कळवावे. आज आपल्याकडे एखाद्या हॉटेलात परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची माहिती भरून द्यावी लागते, ती रीत याच कुळातली. पुढे मराठी कागदपत्रांत राहदारीची दस्तके आढळतात, ती त्या मुद्रेचीच नातवंडे.

या मुद्रांत, दस्तकांत आणि परवान्यांत एक समान गोष्ट होती. कागद वाटसरूच्या कमरेला असे. चौकीवाला तो बघे आणि परत देई. चौकीची स्मरणशक्ती तोकडी होती. वाटसरू कोठून आला हे त्याचा कागदच सांगे. ज्यूल व्हेर्न या फ्रेंच कादंबरीकाराच्या ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ या कथेत नायक फिलिअस फॉग सुएझला उतरतो आणि इंग्रज वकिलाकडे जाऊन पारपत्रावर शिक्का मागतो. वकील त्याला सांगतो, की बाबा, याची आता काही गरज राहिलेली नाही. फॉग म्हणतो, मला पाहिजे. मी सुएझवरून गेलो हे मला सिद्ध करावयाचे आहे. कथा १८७२-७३ सालची, आणि त्या काळी युरोपात पारपत्राचा जाच खरोखरच बराच सैल झालेला होता. शिक्का हा प्रवाशाच्या सोयीचा पुरावा होता, ही गोष्ट त्या कल्पित प्रसंगाने जितकी स्पष्ट होते तितकी कोणत्याही कायद्याच्या पुस्तकाने होणार नाही.

आता बोटाकडे वळू.

ज्याला लिहिता येत नाही त्याने कागद आपला म्हणून कसा सांगावा, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी मोठ्या गमतीने सोडविला होता. जुन्या मराठी महजरांवर आणि वतनपत्रांवर पाटलाच्या नावापुढे नांगराचे चित्र काढलेले असते आणि शेजारी लिहिलेले असते, ‘निशाणी नांगर’. ज्याचा जो धंदा त्याचे ते हत्यार ही त्याची सही. ही खूण समाजातले स्थान सांगे, पण नेमका माणूस सांगत नसे. नांगर कोणीही काढू शकतो. पंचांसमोर, पांढरीसमोर तो काढला गेला म्हणून त्याला किंमत. खरी साक्ष माणसांची, चित्राची नव्हे. पुढे इंग्रजी अमलात नांगर गेला आणि त्याच्या जागी ‘निशाणी डावा अंगठा’ आला. तो कोठून आला, याची हकीकत अशी आहे.

१८५८ सालच्या जुलै महिन्यात, म्हणजे सत्तावनच्या उठावाची राख अजून निवली नव्हती तेव्हा, बंगालात मुर्शिदाबादकडील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल नावाचा तरुण मुलकी अधिकारी होता. आजा खगोलशास्त्रज्ञ, बाप खगोलशास्त्रज्ञ, आणि हा सडकेच्या खडीचे ठेके देत बसलेला! राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराशी त्याने खडीचा करार केला. करार कोनाईच्याच हातचा, बंगालीत लिहिलेला. खाली सही व्हावयाची, तेवढ्यात हर्शेलच्या मनात एक विचार आला. सरकारी शिक्क्यासाठी जे तेलाचे मिश्रण वापरीत ते त्याने कोनाईच्या तळहाताला आणि बोटांना फासले आणि कागदाच्या पाठीवर सबंध पंजा उमटवून घेतला. हर्शेलने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे की, त्या वेळी त्याला शास्त्र वगैरे काही सुचलेले नव्हते. सही माझी नव्हे असे म्हणण्याची कोनाईची छाती होऊ नये, एवढाच हेतू. म्हणजे पहिला ठसा पुरावा म्हणून घेतला गेला त्याहून अधिक धाक म्हणून घेतला गेला.

या गोष्टीकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो आहे. करारात पक्ष दोन होते. ठसा एकाचाच घेतला गेला आणि तो कागद दुसऱ्यापाशी राहिला.

पण हर्शेलवर अन्याय करून चालणार नाही. हुगळीला असताना १८७७ साली त्याने ठशांचा उपयोग तीन ठिकाणी चालू केला: निवृत्तिवेतन घेणाऱ्यांच्या बाबतीत, दस्तनोंदणीच्या कचेरीत आणि तुरुंगात. मेलेल्या पेन्शनराच्या नावावर भलत्याने पैसे उचलू नयेत, गरिबाच्या नावाने खोटे खरेदीखत उभे राहू नये, एकाची शिक्षा दुसऱ्याने पैसे घेऊन भोगू नये, हे त्यामागचे उद्देश. सावकाराने केलेल्या बनावट दस्तात अडकलेल्या कुळाला हाच अंगठा तारूही शकत होता. दुधारी हत्यार म्हणतात ते हेच.

तरीही एक अडचण होती. ठसा पुढ्यात असलेल्या माणसाशी ताडून पाहता येत असे. पण हजारो ठशांच्या ढिगातून एक ठसा हुडकून काढणे अशक्य होते. पॅरिसमध्ये आल्फोन्स बर्तियाँ याने त्यावर वेगळा उपाय काढला: कैद्याच्या अंगाची मोजमापे घ्यावयाची, डोक्याची लांबी, हाताचे मधले बोट, पाऊल. बंगालच्या पोलिसांनीही हे आरंभी उचलले, पण मापणाऱ्यागणिक माप बदले. शेवटी गणित मांडले ते कलकत्त्यात. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस हे दोन अधिकारी होते. दहा बोटांवरील रेषांच्या आकारांवरून ठशांचे १,०२४ वर्ग, म्हणजे बत्तीस गुणिले बत्तीस खण, पाडता येतात, ही किमया मुख्यतः हक यांच्या गणिताची. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. अशा कामासाठी निघालेली ती जगातील पहिली कचेरी समजली जाते. पद्धतीला नाव मात्र पडले ‘हेन्री पद्धत’. हक यांना खानबहादूर आणि बोस यांना रायबहादूर केले गेले, आणि हेन्रीसाहेब १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डात ही विद्या घेऊन गेले. बहादुरीच्या पदव्या आणि शोधाचे श्रेय यांतला फरक श्रोत्यांना सांगावयास नको.

लंडनला जाण्यापूर्वी, १९०० साली, हेन्रींना पोलीसव्यवस्था बसविण्यासाठी दक्षिण आफ्रिकेत धाडले होते. बोअर युद्ध चालू होते. त्याच भूमीत सहा वर्षांनी बोटाच्या ठशाने जी ठिणगी टाकली तिची हकीकत आपण ‘सत्याग्रहाचा जन्म’ या नावाने शाळेत वाचतो. पण तो मूळ तंटा परक्यांच्या नोंदणीचा होता हे बहुधा विसरतो.

ट्रान्सवाल सरकारने १९०६ च्या ऑगस्टमध्ये एका वटहुकमाचा मसुदा प्रसिद्ध केला. ट्रान्सवालात राहणाऱ्या प्रत्येक हिंदी माणसाने, आठ वर्षांवरील मुलांसकट, नव्याने नाव नोंदवावे, दहाही बोटांचे ठसे द्यावेत, मिळालेला दाखला सदैव जवळ बाळगावा आणि शिपाई मागेल तेव्हा, मागेल तेथे दाखवावा. मसुद्यात स्त्रियाही होत्या; पुढे त्यांना वगळण्यात आले. गांधीजींनी हेन्रींचे पुस्तक मिळवून वाचले आणि त्यांना आढळले की, सक्तीने ठसे घ्यावयाचे ते कायद्याने फक्त गुन्हेगारांचे. ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर नाट्यगृहात सभा भरली आणि या कायद्यापुढे मान न तुकविण्याची शपथ घेतली गेली. १९०७ साली कायदा झालाच. हजारो हिंदी लोकांपैकी मुदतीत नाव नोंदविणारे निघाले पाचशेच्या आसपास. जानेवारी १९०८ मध्ये गांधीजींना दोन महिन्यांची शिक्षा झाली, आणि महिना संपायच्या आत जनरल स्मट्स यांच्याशी तडजोड होऊन ते सुटले.

या तडजोडीत सारे मर्म आहे. नोंदणी व्हावयाचीच होती, ठसेही द्यावयाचे होते. फक्त सक्ती जावयाची होती. हिंदी लोकांनी आपखुशीने नोंद करावी आणि सरकारने तो काळा कायदा मागे घ्यावा. पुष्कळांना हे पटेना. कालपर्यंत ज्या ठशाला अपमान म्हटले तोच आज स्वतःहून कसा द्यावयाचा? १० फेब्रुवारी १९०८ रोजी गांधीजी नोंदणी कचेरीकडे निघाले असता मीर आलम नावाच्या पठाणाने, जो त्यांचा जुना अशील होता, त्यांना लाठीने बेशुद्ध पडेपर्यंत मारले. शुद्धीवर येताच गांधीजींनी नोंदणी अधिकारी चॅमनी यांना कागद आणावयास सांगितले आणि डोके-तोंड शिवलेल्या अवस्थेत, अंथरुणावरून, दहा बोटांचे ठसे दिले. शिकलेल्यांना सहीवर भागविण्याची सवलत असता त्यांनी ती घेतली नाही. बोटात अपमान नाही, बोट धरून दाबण्यात आहे, हा भेद त्यांनी मार खाऊन दाखवून दिला.

स्मट्स यांनी कायदा मागे घेतला नाही. तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमिदिया मशिदीच्या आवारात एका मोठ्या लोखंडी कढईत दोन हजारांहून अधिक दाखले घालून त्यांवर रॉकेल ओतण्यात आले. त्या सभेला मीर आलमही आला होता. त्याने आपला जुना दाखला जाळावयास दिला आणि गांधीजींनी त्याचा हात हातात घेतला. दाखला जाळता आला, कारण दाखला त्यांच्या हाती होता. सरकारी कपाटातले ठसे मात्र त्या आगीत गेले नाहीत.

पहिल्या महायुद्धाने युरोपातील सैल झालेली पारपत्रे पुन्हा आवळली. युद्धकाळापुरती म्हणून आलेली ही गोष्ट युद्धानंतर गेली नाही. १९२० च्या ऑक्टोबरात राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद भरली आणि पारपत्राची बत्तीस पानी पुस्तिका कशी असावी ते ठरले. आज आपण जी पुस्तिका बाळगतो ती तिच्याच वळणाची. आत कोऱ्या पानांवर शिक्के. येण्याचा एक, जाण्याचा एक. अधिकाऱ्याने पाने चाळावी, बोटांवर दिवस मोजावे.

दुसऱ्या युद्धानंतरच्या युरोपने एक मोठे धाडस केले. लक्झेंबुर्गमधील शेंगेन या खेड्याजवळ, मोझेल नदीतील एका बोटीवर, १४ जून १९८५ रोजी पाच देशांनी आपापसातील सरहद्दीवरची तपासणी हळूहळू काढून टाकण्याचा करार केला. २६ मार्च १९९५ पासून सात देशांत तो अमलात आला आणि पुढे वाढत वाढत आजच्या २९ देशांपर्यंत आला. एका घरातल्या खोल्यांची दारे काढली की अंगणाचे दार भक्कम करावेसे वाटते, हा मनुष्यस्वभाव आहे. आतल्या सरहद्दी गेल्या तसतशी बाहेरची सरहद्द जड होत गेली. परदेशी पाहुण्याने कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहावे हा नियम. पण तो शिरणार लिस्बनला आणि निघणार हेलसिंकीहून, तर दिवस मोजावे कोणी? शिक्का पुसट, तारीख अर्धी उमटलेली, पान भरलेले. अधिकारी बिचारा करणार काय? ही तक्रार खोटी नव्हती, हे मान्य केले पाहिजे. यंत्राची कल्पना २००८ साली पुढे आली, कायदा २०१७ च्या नोव्हेंबरात झाला आणि अंमल आठ वर्षे लांबला. १० नोव्हेंबर २०२४ ही तारीख ठरून मोडली, कारण जर्मनी, फ्रान्स आणि नेदरलँड्स यांनी तयारी नसल्याचे कळविले. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे हा संगणक सांभाळला जातो.

आता त्याच्या पोटात काय राहते ते पाहा. बारा वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. परत जाण्याची नोंद झाली की सारी माहिती तीन वर्षे राहते. जाण्याची नोंदच सापडली नाही तर पाच वर्षे. ज्याला नाक्यावरून परत पाठविले त्याचीही नोंद राहते. मुदत उलटूनही न परतलेल्यांची यादी यंत्र आपोआप करते. दहशतवाद आणि भारी गुन्ह्यांच्या तपासासाठी पोलिसांना ही वही अटी घालून उघडता येते. माझ्याविषयी काय लिहिले आहे ते दाखवा, चुकले असेल तर दुरुस्त करा, असे मागण्याचा हक्क प्रवाशाला दिलेला आहे. हा हक्क कागदावर चांगलाच आहे. पण पूर्वी हक्क मागावा लागत नसे; खिशातली पुस्तिका उघडली की झाले.

आपल्या लोकांचे काय? भारतीयाला तिकडे जाण्यास व्हिसा लागतो, आणि २ नोव्हेंबर २०१५ पासून त्यासाठी आपल्या देशातच दहा बोटांचे ठसे देऊन जावे लागते. ते दुसऱ्या एका भांडारात असतात आणि पुढील ५९ महिन्यांतील अर्जांसाठी पुन्हा वापरता येतात. म्हणून नाक्यावरच्या नव्या वहीत आपला नव्याने शिरतो तो मुख्यतः चेहरा. बोटे ताडून पाहिली जातात. ज्या देशांच्या नागरिकांना व्हिसा लागत नाही त्यांची बोटे मात्र आता प्रथमच मागितली गेली. त्यांत अमेरिकन आले, जपानी आले आणि, हे मला विशेष वाटते, इंग्रज आले. ३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि त्यामुळे तिथला नागरिक या हिशेबात परका ठरला. डोव्हरच्या बंदरात फ्रेंच अधिकारी बसतात आणि तेथेच ही तपासणी होते. ज्यांनी जंगीपूरच्या ठेकेदाराचा पंजा कागदावर उमटविला आणि ट्रान्सवालात आठ वर्षांच्या पोराची बोटे मागितली, त्यांची पणतवंडे आता स्वदेशाच्या किनाऱ्यावर चार बोटे काचेवर टेकवीत आहेत. यात सूडाचा आनंद मानण्याचे कारण नाही. मानभंग करणारी सक्ती सर्वांवर सारखी पडली की ती मानभंग वाटेनाशी होते, एवढेच यातून इतिहासकाराला दिसते. आणि ते समाधानाचे आहे की काळजीचे, याचा निर्णय मला करता आलेला नाही.

बोटाविषयी आणखी एक गोष्ट. बोट म्हणजे काही दगडावरची रेघ नव्हे. वीट-मातीत राबणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, वयाने वाकलेल्या माणसाच्या रेषा झिजतात. आपल्याकडे रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा जुळत नाही म्हणून पुन्हा पुन्हा हात पुसणारी म्हातारी माणसे कोणी पाहिलेली नाहीत? लेखणी चालविणाऱ्याचा ठसा स्वच्छ उमटतो आणि कुदळ चालविणाऱ्याचा पुसट. यंत्र पक्षपात करीत नाही हे खरे, पण कष्टाच्या खुणा त्याला वाचता येत नाहीत.

आणि शेवटी पुराव्याचा भार. त्या कायद्यात अशी तरतूद आहे की, देशात असलेल्या परदेशीयाची प्रवेशाची नोंद या वहीत सापडली नाही, तर तो मुदतीच्या अटी पाळीत नाही असे धरून चालता येते. ते गृहीत खोडून काढावयाचे काम त्याचे. पूर्वी हेच शिक्क्याच्या बाबतीत होते, पण शिक्का उमटला की नाही हे प्रवाशाला तिथल्या तिथे दिसे, आणि नसला तर मागून घेता येई, फॉगने सुएझला मागितला तसा. संगणकातील नोंद त्याला दिसत नाही. किती दिवस उरले हे पाहण्याची सोय ठेवलेली आहे, पण ती सोय म्हणजे दफ्तरालाच विचारणे. खोडून काढण्यासाठी काय चालेल? विश्वासार्ह पुरावा, आणि त्याचे उदाहरण म्हणून कायद्यानेच प्रवासाची तिकिटे सांगितली आहेत. म्हणून ज्यांची मुलेबाळे कामानिमित्त वा सहलीला तिकडे जातात त्यांनी त्यांना एवढे सांगावे की, विमानाच्या पासाचा तो तुकडा घरी आल्याबरोबर केराच्या टोपलीत टाकू नका. पुढची खेप होईपर्यंत तो पारपत्रातच राहू द्या.